ॲपशी जोडलेला वजनकाटा: आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

आठ महिन्यांपूर्वी हा काटा घेतला तेव्हा माझे वजन ८४ किलो होते आणि रक्ततपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ टक्के आले होते, म्हणजे मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. आज ॲपमधील सरासरीची रेषा ७७.३ किलो दाखवते. ३४ आठवड्यांत ६.७ किलो, म्हणजे आठवड्याला जेमतेम २०० ग्रॅम. याआधी दोन वेळा मी याच संथपणाला कंटाळून प्रयत्न सोडून दिले होते. या वेळी सोडले नाहीत, आणि त्यात या काट्याचा मोठा वाटा आहे. मात्र याच काट्याच्या काही सोयींनी मला मधल्या काळात पुरते निराशही केले होते, म्हणून दोन्ही गोष्टी सविस्तर लिहीत आहे. असे काटे अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची रचना बरीचशी सारखी असते, त्यामुळे कंपनीचे नाव न देता या प्रकारच्या उपकरणाचेच परीक्षण करणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

काचेच्या चौकोनी पाटाखाली चार कोपऱ्यांत चार सेन्सर, वर पावलांसाठी धातूच्या पट्ट्या आणि ब्लूटूथने मोबाइलशी जोडणी, एवढेच त्याचे स्वरूप आहे. काटा १०० ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवतो. तो कठीण आणि सपाट जमिनीवरच ठेवावा लागतो. गालिच्यावर ठेवल्यास आकडा भरवशाचा राहत नाही. पहिल्या आठवड्यात मला एक शंका आली होती, की उतरून लगेच पुन्हा उभे राहिल्यावर हुबेहूब तोच आकडा येतो, याचे कारण अचूकता की स्मरणशक्ती? मी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन वजन केले, मग ती खाली ठेवून पुन्हा केले, तेव्हा बाटली घेण्यापूर्वी आलेल्या आकड्यापेक्षा २०० ग्रॅमचा फरक दिसला. थोडक्यात, आधीच्या आकड्याच्या अगदी जवळचे वजन आले तर हा काटा जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. ही लपवाछपवी मला आवडली नाही, पण रोज एकदाच वजन करणाऱ्याला तिचा फारसा त्रास होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. एक किलो शरीरातील चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. माझ्या आठ महिन्यांच्या घटीवरून ढोबळ हिशेब मांडला तर माझी रोजची तूट सरासरी २००-२२५ कॅलरींची होती आणि त्यातून दिवसाला २८-३० ग्रॅम वजन कमी होत होते. अगदी रोज ५०० कॅलरींची तूट काटेकोरपणे सांभाळणाऱ्याचेही दिवसाला सुमारे ६५ ग्रॅमच कमी होतील. याउलट एका लिटर पाण्याचे वजन, ते प्यायल्याक्षणी, एक किलो असते. आदल्या दिवशीचे खारट जेवण, आतड्यात अजून असलेले अन्न, नव्या व्यायामाने दुखावलेल्या स्नायूंत साठलेले पाणी, पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस, या प्रत्येकाने काटा अर्धा ते दीड किलो इकडेतिकडे होतो. जो बदल आपण शोधत आहोत तो ३० ग्रॅमचा आणि ज्या गोंधळातून तो शोधायचा तो हजार ग्रॅमचा. साध्या काट्यावर रोज सकाळी दिसणाऱ्या आकड्यात आपल्या मेहनतीचे फळ शोधणे म्हणूनच इतके क्लेशदायक होते. ते फळ तिथे असते, पण त्या आकड्यात दिसू शकत नाही.

हे ॲप रोजच्या आकड्यांच्या ठिपक्यांमधून एक रेषा काढते, आणि माझ्या मते काट्याची सगळी किंमत या एका रेषेत आहे. ॲपच्या मदतपानानुसार तिचा हिशेब सोपा आहे: कालची रेषा आणि आजचे वजन यांत जो फरक असेल त्याचा केवळ दहावा भाग रेषेत मिसळला जातो. एखाद्या दिवशी वजन अचानक दीड किलोने वाढलेले दिसले तरी रेषा १५० ग्रॅमच वर सरकते आणि पाणी उतरले की मुकाट्याने पुन्हा खाली येऊ लागते. या पद्धतीला एक मर्यादाही आहे. रेषा प्रत्यक्ष वजनाच्या साधारण नऊ दिवस मागून चालते, त्यामुळे माझ्या वेगाने वजन उतरत असताना ती खऱ्या वजनाहून सुमारे पाव किलो वर राहते, आणि खाण्यावरचा ताबा सुटल्यास तो सुटल्याचे उशिरा सांगते. ही किंमत मी आनंदाने मोजते.

या रेषेची खरी परीक्षा अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत झाली. अकराव्या आठवड्याच्या सुरुवातीला सकाळचा आकडा ८०.६ होता, चार आठवड्यांनी, चालणे वाढवून, झोप सुधारून आणि प्रत्येक जेवण मोजूनमापून घेऊनही तो ८०.९ होता. साधा काटा असता तर महिनाभर कष्ट करून ३०० ग्रॅम वाढले, एवढाच निष्कर्ष मला काढता आला असता, आणि आधीच्या दोन्ही वेळी मी तोच काढून थांबले होते. या वेळी मी रेषा पाहिली. ती ८०.९ वरून ८०.५ वर आली होती. ज्या ८०.६ शी मी तुलना करत होते तो शरीरात पाणी कमी असलेल्या एका सकाळचा अपवादात्मक खालचा ठिपका होता, आणि चौदाव्या आठवड्यातला ८०.९ हा पाळीच्या आधीचा वरचा. चार आठवड्यांत ४०० ग्रॅम ही गती नेहमीच्या निम्मी होती, हे खरेच. पण दिशा बदललेली नव्हती. त्या संध्याकाळी मी ठरल्याप्रमाणे चालायला गेले. पंधराव्या आणि सोळाव्या आठवड्यांत मिळून रेषा ७०० ग्रॅमने उतरली, ज्याचा बराचसा भाग आधीच्या महिन्यात झाकला गेलेलाच असावा.

सुरुवातीच्या दिवसांबाबत मात्र हे ॲप फार दिशाभूल करते. पहिल्या दोन आठवड्यांत माझे २.१ किलो वजन उतरले आणि ॲपने अभिनंदन करत ७० किलोचे ध्येय आणखी पावणेतीन महिन्यांत पूर्ण होईल अशी तारीख ठळक अक्षरांत दाखवली. ते २.१ किलो बहुतांशी पाणी होते. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी होताच हा साठा घटतो आणि पाणीही निघून जाते. पुढे वेग खऱ्या पातळीवर आला तशी ती तारीख दर आठवड्याला पुढे ढकलली जाऊ लागली आणि चौदाव्या आठवड्यात थेट वर्षभर लांब गेली. मी काही चुकले नव्हते, तारीखच चुकीच्या पायावर काढलेली होती, हे समजायला मला बरेच वाचन करावे लागले.

त्या वाचनात कळले की असा सरळ रेषेतला अंदाज मुळातच टिकत नाही. एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी हा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडला. पण वजन घटते तसे शरीर चालवायला लागणारी ऊर्जाही घटते, आणि त्यामुळे तेच खाणे व तेवढेच चालणे ठेवले तरी घटीचा वेग हळूहळू मंदावतो. अमेरिकेतील केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा बदल धरून गणित मांडले, आणि त्यानुसार आहारातील एका कायम बदलाचा निम्मा परिणाम दिसायला सुमारे एक वर्ष आणि जवळजवळ पूर्ण परिणाम दिसायला तीन वर्षे लागतात. हे वाचून मला जो धीर आला तो ॲपच्या कोणत्याही पदकाने दिला नव्हता. निर्मात्यांनी ती तारीख काढून टाकावी, निदान पहिला महिना तरी दाखवू नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

शरीरातील चरबीचे प्रमाण दाखवण्याची सोय ही या काट्याची सर्वाधिक जाहिरात होणारी आणि माझ्या अनुभवात सर्वात दुबळी बाजू आहे. पावलांतून अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडला जातो. पाणी आणि स्नायूंतून तो सहज वाहतो, चरबीतून कमी वाहतो, आणि मिळालेल्या अडथळ्यावरून उंची, वय, लिंग यांच्या आधारे सूत्राने अंदाज बांधला जातो. शरीरात पाणी किती आहे यावर तो अंदाज डोलतो. एकाच दिवशी सकाळी मला ३४.१ टक्के आणि संध्याकाळी ३१.८ टक्के चरबी दाखवली गेली, म्हणजे काही तासांत जवळपास १.८ किलो चरबी नाहीशी झाली, जे अशक्य आहे. हाडे, स्नायू, ‘चयापचयाचे वय’ असे इतर आकडेही याच एका मोजणीतून काढलेले असल्याने मी ते पडद्यावरून काढून टाकले. पेसमेकर बसवलेल्यांनी ही विद्युतमोजणी वापरू नये. गर्भवती स्त्रियांनीही ती टाळावी.

त्याऐवजी कंबरेची मोजपट्टी कितीतरी जास्त बोलते. त्या अडकलेल्या चार आठवड्यांत माझी कंबर दीड सेंटिमीटरने कमी झाली होती, आणि आठ महिन्यांत ती ९८ वरून ९१ वर आली आहे. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवण्याचा साधा निकष सुचवला. माझी उंची १६० सेंटिमीटर असल्याने मला अजून बराच पल्ला गाठायचा आहे. ॲपमध्ये कंबर नोंदवण्याची जागा आहे, पण ती तीन पडदे आत दडवलेली आहे, आणि चरबीचा तो डळमळीत आकडा मात्र पहिल्याच पडद्यावर.

सूचनांबाबत तक्रार करणे भाग आहे. वजन वाढलेले दिसले की ॲप लाल बाण दाखवते आणि ‘आज अधिक प्रयत्न करा’ असा संदेश पाठवते. आदल्या रात्री मीठ जास्त झाले असताना अशा संदेशामुळे मी एकदा दिवसभर जवळजवळ उपाशी राहिले आणि रात्री भुकेने खूप खाल्ले. ग्राहकसेवेला लिहिल्यावर आठ दिवसांनी फक्त एक छापील उत्तर आले. हे संदेश बंद करता येतात आणि पहिल्याच दिवशी करावेत. पूर्वी ज्यांना खाण्याविषयीच्या मानसिक आजाराचा त्रास झाला आहे त्यांनी रोज वजन करण्याचे कोणतेही साधन घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

बाकी गोष्टी ठीक आहेत. बॅटरी एकदाच बदलावी लागली, मोबाइल जवळ नसेल तर काटा काही नोंदी स्वतःकडे साठवून ठेवतो आणि सर्व आकडे फाइलमध्ये उतरवून घेता येतात. ॲप मोबाइलमधील संपर्कांची परवानगी मागते. मी नाकारली आणि काहीही अडले नाही.

गेल्या महिन्यात एचबीए१सी ५.८ आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात सुमारे ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले होते, असे डॉक्टरांनी मला तपासणीच्या वेळी समजावून सांगितले. माझी घट ८ टक्क्यांच्या आसपास आहे. ॲपच्या मते मात्र मी अजून ‘ध्येयापासून ५२ टक्के दूर’ आहे.

फक्त चरबीच्या आकड्यासाठी हा काटा घेण्याचा विचार असेल तर घेऊ नये. ज्याचे वजन हळूहळू उतरते आहे आणि जो रोजच्या आकड्याने खचतो, त्याला त्या रेषेसाठी मी तो नक्की सुचवीन. मी स्वतः काट्याच्या पडद्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे. रोज सकाळी त्यावर उभी राहते, आकडा ॲपमध्ये आपोआप जातो, आणि रविवारी मी फक्त रेषा उघडून पाहते.