हायब्रिडचं मिसिंग मोजून शोधणारं गॅरेज, हिंगणा रोड, नागपूर

हायब्रिड गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल आणि इंजिन मिस मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर पार्ट बदलायला कुणालाही पैसे देण्याआधी ती इथे दाखवा. हिंगणा टी पॉइंटवरून एमआयडीसीकडे जाताना डाव्या हाताला हे गॅरेज आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे. दोन-तीन गोष्टी खटकल्या, त्याही खाली लिहिल्या आहेत.

माझं काम हॉस्पिटलांतल्या तपासणी यंत्रांच्या सर्व्हिसचं. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, वर्धा अशी सतत फिरती असते, त्यामुळे गाडीचा आकडा अडीच लाखाला टेकला आहे. अडीच लिटर पेट्रोल इंजिनची हायब्रिड सेडान आहे आणि इतकी वर्षं तिनं कधी रस्त्यात सोडलं नाही. यंदा थंडी सुरू झाली तसा सकाळच्या पहिल्या स्टार्टला त्रास सुरू झाला. पिठाची गिरणी सुरू होताना ओटा हादरतो तशी अख्खी गाडी थरथरायची, काही सेकंदांत शांत व्हायची आणि मग दिवसभर काही नाही. एकदा पार्किंगमधून निघताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता लागून राहिला तर गाडी दाखवायला वेळ असतो. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची जाळी वितळू शकते, असा त्याचा अर्थ. तेव्हा गाडी चालवत राहू नये.

हायब्रिडमध्ये हे दुखणं लपून राहतं, म्हणून जास्त काळजी घ्यावी लागते. साध्या गाडीत एक सिलिंडर गेला की पिकअप पडतो आणि ड्रायव्हरला लगेच कळतं. इथे इलेक्ट्रिक मोटर कमी पडलेली ताकद भरून काढते. वेगळा स्टार्टर नसतो, मोठी मोटरच इंजिनला हजारेक आरपीएमपर्यंत फिरवते आणि मग पेट्रोल सुटतं. म्हणजे सिलिंडर जळत नसला तरी इंजिन फिरतच राहतं. शिवाय सिग्नलला ते आपोआप बंद होतं, त्यामुळे आयडलिंगला कान लावून ऐकायची सोयही नाही.

याआधी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली होती. त्यांनी स्कॅनर लावला, कोड पुसला आणि चारही प्लग बदलले. थरथर तशीच राहिली. मग प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलल्या, तरी तशीच. त्यानंतर पेट्रोल फवारणाऱ्या नोझलच्या सेटचं एस्टिमेट हातात दिलं आणि वर म्हणाले, हायब्रिड बॅटरीही जुनी झाली आहे, तीपण बदलून टाका. कशाचं माप घेतलं, काय आढळलं, हे विचारलं तर कुणाकडे उत्तर नव्हतं. मला राग आला तो याचा. पैसे गेले ते वेगळंच. प्लग जुने होते, ते आज ना उद्या बदलायचेच होते. पण बॅटरीचा आणि सकाळच्या मिसिंगचा संबंध काय, हे सांगता येत नसेल तर लाखाच्या घरातली वस्तू बदलायला सांगू नये.

हिंगणा रोडच्या या गॅरेजमध्ये पहिली गोष्ट अशी झाली की मिस्त्रीभाऊंनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न विचारले. थंडीतच होते की दुपारीही? रात्री गाडी उतारावर उभी असते का? कुलंट कधी भरलं? सायलेन्सरमधून सकाळी पांढरा धूर येतो का, किती वेळ? कुलंटच्या प्रश्नावर मी थबकले, कारण गेल्या काही महिन्यांत ड्रायव्हरनं टाकीत थोडं थोडं कुलंट वाढवलं होतं आणि कुठे गळती तर दिसत नव्हती.

मग स्कॅनर लावला. कोड होता पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसफायर. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०० आला तर मिसिंग एका सिलिंडरपुरतं ठरलेलं नाही असं समजायचं. भाऊंनी कोड पुसला नाही. कोड पडतो त्या क्षणाची नोंद गाडीचा संगणक जपून ठेवतो, ती त्यांनी उघडून दाखवली. कुलंटचं तापमान १६ अंश, गाडी उभी, इंजिन नुकतंच सुरू झालेलं. क्रॅंकच्या फिरण्यात प्रत्येक स्फोटाला किती झोल पडतो ते सेन्सर मोजतो, त्यावरून प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची वेगळी मोजणीही स्कॅनरवर दिसते. एक, तीन आणि चारसमोर शून्य होतं. सगळा आकडा दोनसमोर. आधीच्या वर्कशॉपनं कोड पुसला तेव्हा हीच नोंद गेली होती. नशीब, ती पुन्हा पडली.

इथे इथेनॉलबद्दल लिहायलाच हवं. आपले खासदार नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये इथेनॉलवर चालणारी हायब्रिड इनोव्हा दिल्लीत सादर केली आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यामुळे नागपुरात गाडी खोकली तरी चहाच्या टपरीपासून ऑफिसपर्यंत सगळे इथेनॉलचं नाव घेतात. मीही भाऊंना तेच विचारलं. ते म्हणाले, "ताई, पेट्रोल तर चारही सिलिंडरले एकाच टाकीतून जाऊन राहिलं. मग मिस एकच काहून मारून राहिला?" एवढ्यावर न थांबता त्यांनी फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे दाखवले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे संगणकाला थोडं जास्त पेट्रोल सोडावं लागतं आणि ते या आकड्यांत दिसतं. माझ्या गाडीचे आकडे मर्यादेत होते. विषय तिथेच संपला.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी दोन नंबरची कॉइल आणि प्लग काढून चार नंबरला लावले, चारचे दोनला लावले आणि गाडी तिथेच ठेवून घेतली. "सकाळी कोणी चाबी लावायची नाही, पयला स्टार्ट मीच करतो," असं पोरांना बजावलं. कॉइल किंवा प्लग खराब असता तर मिसिंग चारवर गेलं असतं. सकाळी ते दोनवरच होतं. या एका फुकटच्या अदलाबदलीत कळलं की माझ्या चार नव्या कॉइलची गरजच नव्हती.

पुढे कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते पाहिलं. हायब्रिडची ही इंजिनं अ‍ॅटकिन्सन पद्धतीची असतात. आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे गेजवर साध्या इंजिनापेक्षा कमी दाब दिसतो. हे माहीत नसलेला माणूस पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून इंजिनचं काम काढून मोकळा होतो. शिवाय इथे चावी फिरवून नुसतं क्रॅंक करता येत नाही, स्कॅनरमधून तशी आज्ञा द्यावी लागते. भाऊंनी चारही सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहिले. सारखे होते.

मग त्या रात्री त्यांनी कुलंटच्या बाजूला हातपंप लावून साधारण एक बार दाब दिला आणि गेज तसंच लावून ठेवलं. सकाळी मी गेले तेव्हा काटा खाली आला होता आणि गाडीखाली थेंबही नव्हता. इंजिन सुरू न करता त्यांनी प्लग काढले आणि प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. एक नंबरचा पिस्टन काळा, काजळीनं भरलेला. तीन आणि चारही तसेच. दोन नंबरचा पिस्टन अर्धा लख्ख, धातू चमकणारा, आणि त्याच्या कडेला गुलाबी कुलंटचा छोटा थेंब. "हे पाहा ताई, हा रोज वाफेनं धुवून निघून राहिला." हेड गॅसकेटमधून, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ पॅकिंगमधून, रात्रभर कुलंट झिरपायचं, सकाळी तो सिलिंडर ओला असल्यामुळे जळायचा नाही, काही सेकंदांत सुकला की गाडी शांत. कुलंट कुठे जातं तेही तिथेच कळलं.

काम मोठं होतं, पण मला ते नीट समजावून मग सुरू केलं. हायब्रिडमध्ये हेड खोलायचं तर नारिंगी वायरी आणि इन्व्हर्टरजवळ जावं लागतं, तिथे जीव जाईल इतका व्होल्टेज असतो. भाऊंनी रबरी हातमोजे घालून मागचा सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारी खुंटी, काढला आणि स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे चुकून दुसरं कुणी तो लावणार नाही. मग कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं थांबून पुढच्या कामाला हात घातला. माझ्या कामात हाय व्होल्टेजची यंत्रं रोज असतात, त्यामुळे नवीन मिस्त्री कुठे घाई करतात ते मला ठाऊक आहे. इथे घाई नव्हती.

हेड मशीनशॉपला पाठवून ते सपाट आहे का ते पाहिलं, हलकं फेसिंग केलं. गॅसकेट आणि हेडचे बोल्ट नवे. मॅनिफोल्ड खोललेलंच होतं तेव्हा ईजीआर कूलर काढून दाखवला. त्याची जाळी काजळीनं जवळपास बुजली होती. हा कूलर थंड केलेला जळका वायू परत इंजिनात देतो, त्यामुळे आतली उष्णता कमी राहते. तो बुजला की सिलिंडर जास्त तापतात आणि गॅसकेटवर ताण येतो, असं भाऊंचं म्हणणं. अडीच लाखाच्या जवळ आलेल्या हायब्रिडवाल्यांनी हा कूलर एकदा तरी साफ करून घ्यावा, असं मला वाटतं. आपल्या उन्हाळ्यात गाडीला आधीच काय कमी सोसावं लागतं!

पैशांचं सांगायचं तर निदानाचे अडीच हजार घेतले आणि काम तिथेच केल्यावर ते बिलातून वजा केले. एकूण बिल साठ हजारांच्या आत आलं, त्यात मशीनशॉपची पावती जोडलेली होती आणि जुनं गॅसकेट पिशवीत घालून दिलं. गाडी ताब्यात देण्याआधी पुन्हा एक रात्र ठेवून घेतली, सकाळी माझ्यासमोर थंड इंजिन सुरू केलं आणि मोजणी दाखवली. चारही सिलिंडरसमोर शून्य.

आता खटकलेल्या गोष्टी. वेळ फार लागतो. थंड इंजिन तपासायचं म्हणजे गाडी रात्रभर तिथे राहणार आणि फिरतीच्या माणसाला दुसरी गाडी शोधावी लागणार. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर स्वतः करतात. बसायला एक बाकडं आहे, पंखा त्याच्यापर्यंत पोचत नाही. पक्कं बिल हवं असेल तर आधी सांगा.

गाडी द्यायला संध्याकाळी जा, म्हणजे रात्र कारणी लागते. आधी कुठे कोड पुसून घेऊ नका, टाकीत कुलंट भरून नेऊ नका, आहे तेवढं दिसू द्या. जुनी बिलं सोबत ठेवा. कुठला पार्ट कधी बदलला ते भाऊ पहिल्याच प्रश्नात विचारतात.