दोनशे मैलांचा हक्क : रत्नागिरीतील एका अभ्यासवर्गाविषयी

मिरकरवाडा बंदराजवळ भरणारा सागरी कायद्यावरील सशुल्क अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. कायद्याचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि काही तांडेल (मासेमारी होडीचे प्रमुख) यांना एकत्र बसवून आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणे सोपे नाही. तरीही केवळ पूर्वार्धासाठी मी पुन्हा शुल्क भरेन.

समुद्राचे नियम युरोपनेच घडवले, ही समजूत येथे नेमकेपणाने खोडून काढली जाते. १९६० च्या जिनिव्हा परिषदेत प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या देशाच्या पूर्ण ताब्यातील पट्ट्याच्या, रुंदीचा तोडगा एका मताने हुकला. चिली, इक्वेडोर आणि पेरू यांनी १९५२ मध्येच २०० सागरी मैलांवर हक्क सांगितला होता. मात्र २०० मैलांच्या या पट्ट्यात जहाजांना ये-जा मोकळी ठेवून मासळी व खनिजे किनारी राष्ट्राकडे सोपवणारी तडजोड केनियाने आशियाई-आफ्रिकी कायदा सल्लागार समितीच्या १९७१ च्या कोलंबो अधिवेशनात पुढे आणली आणि १९८२ च्या सागरी कायदा करारात ती कायम झाली. भारताने १९७६ मध्येच तसा कायदा केला होता. दूरच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या जपानचा या कल्पनेला असलेला विरोध मात्र वर्गात सांगितलाच गेला नाही; आशिया एकमुखाने बोलत होता असा गैरसमज त्यामुळे होतो.

नकाशावर कर्कटकाने प्रादेशिक समुद्राच्या हद्दीची १२ मैलांची रेघ ओढली जाताच एका तांडेलांनी विचारले, "परराज्यातले ट्रॉलर या रेघेच्या आत येतात, त्यांना अडवायचं कोणी?" राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आणि मत्स्य विभागाची गस्त यांवर त्यानंतर झालेली चर्चा हा या वर्गातील सर्वोत्तम भाग होता.

उत्तरार्ध उरकलेला वाटला. मत्स्य अनुदानांवरील जागतिक व्यापार संघटनेचा २०२२ चा करार आणि पुढील वाटाघाटींत अनुदानांवरील निर्बंध लागू होण्यापूर्वी विकसनशील देशांसाठी भारताने मागितलेली २५ वर्षांची मुदत, हे डिझेलवरील कराच्या सरकारी परताव्यावर होडी चालवणाऱ्यांच्या थेट जिव्हाळ्याचे विषय घाईघाईत आटोपले. त्यात टिपणे सगळी इंग्रजीत, तीही वकिली थाटाची. ती तांडेलांच्या काय उपयोगाची? नाव नोंदवण्यापूर्वी मराठी टिपणे मिळतील का, एवढे विचारून घ्यावे.