कुऱ्हाडीला तीन लाकडांचे दांडे घालून पाहिले: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पहिला दांडा सागाचा. जुन्या चौकटीचा तुकडा पडून होता. सरळ, वाळलेला, रंध्याखाली सुरेख निघणारा. दिसायला तिन्हींत तोच देखणा. दीड महिन्यात कुऱ्हाडीच्या लोखंडी डोक्याच्या खाली मोडला. मोडलेली जागा मी उन्हात धरून बराच वेळ न्याहाळली: आडवी, जवळजवळ सपाट, मुळा मोडावा तशी. चिवट लाकूड असं मोडत नाही. त्याचे लांब लांब धागे सुटतात, मोडल्यावरही दोन्ही तुकडे एकमेकांना धरून राहतात. साग टिकाऊ आहेच, पण ते टिकणं पाण्यापुढे आणि वाळवीपुढे. घावाचा धक्का झेलणं हे वेगळं काम. करवतीच्या मुठीला साग मी आजही वापरेन, कुऱ्हाडीला पुन्हा नाही.

दुसरा बाभळीचा, तयार आणलेला. बाभूळ जड, घट्ट, दांड्यांसाठी पूर्वापार वापरातली, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तीन आठवड्यांत तिरकी चीर गेली. बाभळीला यात दोष देऊ नये. दांडा करवतीनं सरळ कापलेला होता, पण आतल्या धाग्यांच्या रेषा तिरक्या धावत होत्या आणि मध्यावर येऊन कडेनं बाहेर पडत होत्या. चीर बरोबर त्याच रेषेवरून गेली होती, पेन्सिलीनं आखल्यासारखी. घेताना मी वजन पाहिलं, गाठी पाहिल्या. बाजूनं रेषा शेवटपर्यंत जातात का, एवढंच पाहायचं राहिलं.

तिसरा धामणीचा, आणि तो साडेपाच महिने रोजच्या कामात आहे. वर्षभर आधी ओंडक्याला पाचर मारून तुकडा फाडून ठेवला होता. फाडलेलं लाकूड स्वतःच्या रेषेनं सुटतं; करवत रेषा जुमानत नाही. फाडताना माल वाया जातो, तुकडा थोडा वाकडाही निघतो, तरी मला आता दांड्यासाठी दुसरा मार्ग पटत नाही. दोन्ही टोकांना मेण लावलं, कारण टोकं सर्वांत आधी वाळतात आणि तिथूनच फाटायला लागतं. सावलीत ठेवून दर आठवड्याला वजन केलं. तीन आठवडे काटा हलला नाही, तेव्हाच तासायला घेतलं. ही घाई खरंच करू नये. ओलं लाकूड वाळताना जाडी-रुंदीत जातीनुसार साधारण 3 ते 10 टक्के आकसतं, लांबीत मात्र नावापुरतं. म्हणजे ओला बसवलेला दांडा लांबीला तसाच राहतो आणि भोकात मात्र सैल होतो.

टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या वर्तुळांच्या रेषा पात्याच्या दिशेनं जाव्यात. दिसत नसतील तर पटाशीनं टोक साफ तासून ओलं करा. माझ्या दांड्याच्या एका कडेला फिकट पट्टा आहे, तो आधी खटकला होता. पण हिकरीवर, म्हणजे तिकडे दांड्यांसाठी वापरतात त्या अमेरिकन लाकडावर, अमेरिकेच्या वनोत्पादन प्रयोगशाळेनं केलेल्या चाचण्यांत वजन सारखं असेल तर बाहेरच्या पांढऱ्या आणि गाभ्याच्या लालसर भागाची ताकद सारखीच निघाली होती. रंगापेक्षा वजनावर विश्वास ठेवावा. बाभळीत मात्र मी गाभाच घेईन, कारण पांढऱ्या भागाला भुंगा लवकर लागतो. दाट वर्तुळं म्हणजे मजबूत लाकूड, ही समजूतही सरसकट खरी नाही. हिकरी आणि अ‍ॅश या परदेशी लाकडांमध्ये फार दाट वर्तुळांचं लाकूड उलट हलकं आणि कमजोर असतं.

सुरुवातीला मी दांडा जाड ठेवला आणि दर घावाला कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. मग काचेच्या तुकड्यानं खरवडून मधला भाग बारीक केला. आता तो किंचित लवतो, धक्का हातापर्यंत पोचत नाही. धामणीचं खरं मोल या लवण्यात आहे. व्हार्निश नको; तळहाताला फोड येतात. जवसाच्या तेलाचे तीन हात पुरले. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघडी पसरून वाळवा.

चौथ्या महिन्यात डोकं जरा हललं. बादलीत बुडवून ठेवण्याचा सल्ला मिळाला, मी ऐकला नाही. फुगलेलं लाकूड लोखंडाला दाबून स्वतःचेच धागे चिरडतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. दांड्याच्या टोकातली पाचर काढून थोडी जाड पाचर ठोकली, तेव्हापासून घट्ट आहे.

डोक्याखाली दोन जागी ओंडक्याची कड लागून लाकूड दबलंय. बोट फिरवलं तर कुसळ लागत नाही. त्याच ओंडक्याचा दुसरा तुकडा मेण लावून सावलीत उभा आहे, तो घणासाठी.