पेरोव्हस्काइट पॅनल मागितले, दुकानदारांनी सिलिकॉनचे दिले

संत्र्याच्या बागेतील विहिरीवर सौर पंप बसवायचा होता, म्हणून आर्वीच्या बाजारातील एका दुकानात मी पेरोव्हस्काइट या नव्या प्रकारच्या स्फटिकी पदार्थापासून केलेल्या सौर पॅनलची चौकशी केली. कमी जागेत जास्त वीज, हे वाचून मन तिकडेच ओढले होते. दुकानदारांनी मात्र तो माल आपल्याकडे नाही, आणि असता तरी पंचवीस वर्षांच्या भरवशावर शेतात बसवून दिला नसता, असे स्पष्ट सांगितले. गिऱ्हाईक हातचे जाऊ शकते हे ठाऊक असूनही त्यांनी असे सांगितले, म्हणून हे दुकान मला मोलाचे वाटते.

त्यांचे म्हणणे मी नंतर वाचून पडताळले. २००९ साली जपानमध्ये मियासाका या शास्त्रज्ञांच्या गटाने केलेल्या पेरोव्हस्काइट सौर घटाची (सेलची) कार्यक्षमता, म्हणजे उजेडातील किती ऊर्जेची वीज होते ते प्रमाण, ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. अडचण टिकण्याची आहे. ओल लागली की त्यातील उजेड शोषणारा काळा थर मोडून पिवळे लेड आयोडाइड (शिशाचे संयुग) उरते, आणि उष्णतेने त्या थरातील मेथिलअमोनियम हा घटक उडून जातो. त्यावर मेथिलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम व सीझियम या जास्त टिकाऊ घटकांचे मिश्रण वापरणे आणि दोन काचांमध्ये घट ठेवून कडा ब्यूटाइल रबराने बंद करणे हे उपाय बरेच लागू पडले आहेत. परंतु उजेडात आयोडाइडचे आयन (विद्युतभारित कण) आतल्या आत सरकत राहतात आणि ते बाहेरून कितीही पक्के बंद केले तरी थांबत नाही. त्यासाठी स्फटिकांच्या पृष्ठभागावरचे दोषच भरून काढावे लागतात. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तासांची चाचणी उत्तीर्ण होणे ही मोठी गोष्ट खरीच, पण आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पॅनल त्याहून कितीतरी जास्त तापते आणि जूनपासून त्यावर पावसाळ्याची ओल चढते, हे चक्र वर्षानुवर्षे चालते. शिवाय माकडांनी काच फोडली तर शिसे मातीत उतरण्याची भीती आहेच, आणि विहिरीच्या काठावर ती मला सर्वांत मोठी वाटते.

शेवटी सिलिकॉनचे पॅनल घेतले. दुकानदारांनी ते काउंटरवर उलटे ठेवून मागच्या लेबलवर बोट फिरवत, मालाची वॉरंटी वेगळी आणि वीजनिर्मितीची वॉरंटी वेगळी, हे वाचून दाखवले. भाव वाजवी आहे. बसवणारी माणसे मात्र सांगितल्या दिवशी आली नाहीत आणि अर्थिंगचे काम अर्धवट सोडून गेली. ते पुन्हा मागे लागून करून घ्यावे लागले. वॉरंटीच्या कागदावर पॅनलचे अनुक्रमांकही दुकानदार आपणहून लिहीत नाहीत, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी शिक्क्यासह लिहून घ्यावेत.