घरच्या ड्राफ्टसाठी बिअर टॅप: सांगलीचा उन्हाळा काढल्यानंतरचं मत

दिवाळीपासून आमच्या विश्रामबागच्या घरी फ्रिजच्या दारावर दोन बिअर टॅप आहेत आणि आत 19 लिटरचे दोन केग, म्हणजे पेय गॅसच्या दाबाखाली ठेवायच्या टाक्या. एकात कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, दुसऱ्यात कोरेगावच्या आल्याचा लिंबू-सोडा. पेय कुठलंही असो, टॅप बिअरचाच लागतो आणि निवडतानाचे प्रश्नही तेच. पूर्ण उन्हाळा वापरून झालाय, म्हणून आता ठामपणे लिहितो.

दोन्ही टॅप मुद्दाम वेगळे घेतले. एक पितळेचा, वरून क्रोम केलेला, नेहमीच्या जुन्या रचनेचा. दुसरा नुकाटॅप, 304 स्टेनलेसचा, फ्लो कंट्रोलवाला, म्हणजे धार कमी-जास्त करायची कळ बाजूला असलेला. हा मला सीमाशुल्क धरून पहिल्याच्या जवळपास तिप्पट पडला. तरी पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन.

खरा फरक झडप कुठे बसते यात आहे. जुन्या रचनेत झडप मागे, शँकच्या, म्हणजे दारातून आरपार जाऊन टॅपला जोडणाऱ्या नळीच्या, तोंडाशी असते. टॅप बंद केला की पुढच्या पोकळीतलं पेय गळून जातं, हवा आत शिरते आणि भिंतींना लागलेली साखर वाळते. एप्रिलमध्ये चार दिवस गावाला जाऊन आलो, तर क्रोमच्या टॅपचं हँडल हलेना. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवल्यावर सुटलं. पाना लावून उघडला तर दांडीवर तपकिरी चिकट थर आणि हवा जाण्याच्या बारीक भोकांत बुरशीचे ठिपके. पुढे सील होणाऱ्या टॅपमध्ये झडप थेट तोंडाशी असल्यामुळे आतला भाग पेयानं भरलेला राहतो, वाळायला हवाच मिळत नाही. नुकाटॅप त्याच दिवशी बोटाच्या धक्क्यानं उघडला. अमेरिकेतल्या पर्लिकचे 630 मालिकेचे टॅपही याच तत्त्वावर चालतात.

धातूचं काय? कोंबुचा आंबट, पीएच 3 च्या आसपास. क्रोमचा थर झिजला की आम्ल थेट पितळेला, म्हणजे तांबं-जस्ताला भिडतं. त्यामुळे आंबट पेयाला स्टेनलेसच हवं, यात मी तडजोड सुचवणार नाही. ऑनलाइन ‘स्टील फिनिश’ लिहिलेलं दिसलं तर सावध राहा. चुंबक लावून कळत नाही, कारण पितळेलाही तो चिकटत नाही आणि 304 लाही जवळजवळ नाही. टॅपच्या तोंडात आणि आट्यांवर टॉर्च मारून बघा. पिवळट झाक दिसली तर आत पितळ आहे.

फ्लो कंट्रोल बिअरला असला तर उत्तम, सोड्याला मात्र हवाच. 4 अंशाला बिअरसाठी साधारण 12 पीएसआय गॅसचा दाब पुरतो, सोड्याचा झणका हवा तर 30 च्या आसपास जावं लागतं. एवढ्या दाबाला साध्या टॅपमधून ग्लासात नुसता फेस येतो. तरीही 4 मिलिमीटर आतल्या व्यासाची लांब नळी घाला आणि बाजूची कळ फक्त शेवटच्या फरकापुरती ठेवा. हँडल नेहमी पूर्ण ओढायचं, अर्धवट उघडलं की फेस हमखास.

उन्हाळ्यातली अडचण मात्र स्टेनलेसलाही चुकली नाही. टॅप दाराबाहेर, घरात दुपारी पस्तीसच्या वर, त्यामुळे पहिला ग्लास निम्मा फेसाचा. पुढे सील होणाऱ्या टॅपमध्ये थोडं पेय आत राहतं, तेच तापतं. फ्रिजमध्ये शँकच्या मागे कॉम्प्युटरचा छोटा 12 व्होल्टचा पंखा बसवला, तेव्हापासून बराच फरक आहे. पहिला घोटभर माल वेगळा काढायची सवय मात्र ठेवावी लागते.

मुंग्यांबद्दल कुठल्याच परदेशी रिव्ह्यूत वाचलं नव्हतं. रात्री टॅपच्या तोंडाला रबरी टोपी नसेल तर सकाळी रांग लागलेली असते, आंब्याच्या दिवसांत चिलटंही. टोपी टॅपसोबतच मागवा.

बसवताना भोक दारालाच पाडा. बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात. शँक टॅपच्या पद्धतीचाच घ्या: अमेरिकी टॅपचे आटे 1⅛ इंच व्यासाचे, इंचाला 18 असे असतात, आपल्या नळवाल्याकडचा कुठलाही नट त्याला बसत नाही. दार जाड असेल तर शँकही लांब लागतो. आमच्या दाराच्या फटीसाठी कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्यांनी नायलॉनची कडी अगदी मापात करून दिली.

घरात लहान मुलं असतील तर आपोआप बंद होणारी स्प्रिंग घालाच. आमच्याकडे पाहुण्यांच्या पोरांचा हात हँडलला लागतो, आणि उघडा राहिलेला टॅप अख्खा केग फरशीवर रिकामा करू शकतो. धुताना मात्र ती काढावी लागते, नाहीतर हँडल धरून उभं राहायचं.

देखभाल सोपी आहे. केग बदलताना कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट, बारीक ब्रश, मग स्वच्छ पाणी. ओ-रिंगला, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीला, फूडग्रेड सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्यानं फुगतात. ओ-रिंगचा जादा संच पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या. नुसत्या रिंगा नंतर बाहेरून मागवायच्या तर मालापेक्षा कुरिअर महाग पडतं, आणि स्थानिक हार्डवेअरमध्ये ते माप मला अजून मिळालेलं नाही.