हातची वाकळ, मशीनची गोधडी: उलटी बाजू बघून घ्या

कोल्हापुरात दोन्ही शिवून मिळतात. हातच्या वाकळेत जुन्या सुती लुगड्यांचे ४-५ थर. धावदोरा काठापासून चौकोनात फिरत मध्यावर येतो. ओळींत बोटभरच अंतर हवं, नाहीतर धुताना आतलं कापड गोळा होतं. दोरा किंचित सैल, म्हणून ती अंगासरशी बसते. तो मऊपणा मशीनला येत नाही.

मशीनची शिलाई मात्र घट्ट. रोज धुवायच्या, पोरांच्या अंथरुणाला हीच घ्यावी. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो नि चुण्या पडतात. जाणता कारागीर आधी कच्चे टाके घालतो, मधून काठाकडे शिवतो, टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. पाठीमागे एकही चुणी नसलेली गोधडी दिसली, तर त्या हाताला पूर्ण मजुरी द्यावी, घासाघीस करू नये.