पेडोमीटर कमरेला की मनगटाला? तीन पिढ्यांच्या घरासाठी निवड

घरात एकच माणूस पावलं मोजणार असेल तर बहुतेक कुठलंही यंत्र चालून जातं. आकडा थोडा इकडेतिकडे असला, तरी कालच्यापेक्षा आज जास्त चाललो की कमी, एवढं कळतं. पंचाईत होते ती लहान-मोठ्या सगळ्यांची हालचाल मोजायची असते तेव्हा. आमच्याकडे शाळकरी मुलगी, मी आणि वॉकर धरून चालणारी आई. फोन, मनगटाचा बँड आणि कमरेचा पेडोमीटर हे तिन्ही आम्ही वापरलेत.

फोनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो खिशात असेल तेवढंच मोजतो. मुलीकडे फोन नाही, आईचा दिवसभर चार्जरपाशी पडलेला असतो. दिवसभर फोन खिशात घेऊन हिंडणाऱ्याला तो पुरेल.

बँडचा मोठा गुण म्हणजे तो विसरला जात नाही. एकदा बांधला की कपडे बदला, झोपा, तो हातावरच. धावणाऱ्याला हृदयाचे ठोकेही दिसतात. तिशी-चाळिशीतल्या, हात मोकळे सोडून चालणाऱ्या माणसाने बँड घेतला तर मी त्याला अडवणार नाही.

पण आईच्या बाबतीत तो मला पटेनासा झाला. बँड पावलं ओळखतो ती मुख्यतः हाताच्या हेलकाव्यावरून, आणि वॉकर धरला की दोन्ही हात दांड्यावर घट्ट. आई वॉकर पुढे सरकवते, एक पाय टाकते, दुसरा ओढून घेते. अख्खा व्हरांडा पार करून आली तरी आकडा जेमतेम हललेला. उलट खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घातल्या की तो भराभर वाढायचा. "चालले तर मोजत नाही, बसले तर मोजतो, मग मी चालू कशाला?" असं ती म्हणाली, तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला. जिना चढताना कठडा धरला किंवा बाबागाडी ढकलली की माझीही पावलं अशीच गळायची. पण मला त्याने फारसा फरक पडत नव्हता. आईला मात्र प्रत्येक पाऊल कष्टाचं, आणि नेमकं तेच हिशेबात येत नव्हतं.

कमरेच्या पेडोमीटरमध्येही डावं-उजवं आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात स्प्रिंगवर टांगलेली दांडी असते. ते सरळ उभं राहावं लागतं. पोट सुटलेलं असेल तर पट्ट्याबरोबर तेही कलतं आणि पावलं चुकतात. ताशी तीन किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून हळू चालणाऱ्यांचीही ते बरीच पावलं गाळतं, म्हणून वयस्कांसाठी मी ते सुचवणार नाही. पिझोइलेक्ट्रिक प्रकारचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाब पडला की वीज देणाऱ्या स्फटिकावर चालणारं यंत्र कलण्याला आणि संथ चालीला बरंच जास्त सांभाळून घेतं. आम्ही शेवटी तेच ठेवलं. अगदी पाय घासत चालणाऱ्यांची थोडी पावलं त्यातूनही निसटतात. त्यांच्यासाठी घोट्याला बांधायची यंत्रं जास्त खात्रीची, पण ती मुख्यतः संशोधनात वापरतात.

मुलांचं प्रकरण निराळं. पहिले काही दिवस आकडा बघायच्या हौसेनेच ती जास्त पळतात, तेव्हा ते दिवस हिशेबात धरू नयेत. शिवाय यंत्र हातात घेऊन हलवणं आणि रीसेटचं बटण दाबणं आलंच. मुलांवरच्या अभ्यासात यंत्र सीलबंद करून देतात ते उगीच नाही. घरी झाकण असलेलं आणि सात दिवसांची नोंद ठेवणारं यंत्र पुरतं. सायकल आणि पोहणं मात्र कमरेच्या यंत्रात येत नाही, ते वेगळं लिहून ठेवावं लागतं. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही पावलांत नाही: 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल.

यंत्र एकच असलं तरी लक्ष्य एकच ठेवू नका. रोज 10,000 पावलांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरमुळे रूढ झाला. 2019 साली सरासरी 72 वर्षं वयाच्या स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण 2,700 वाल्यांपेक्षा कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फरक जवळपास थांबला. अनेक अभ्यासांच्या 2022 च्या एकत्रित विश्लेषणात फरक थांबण्याची ही पातळी साठीच्या पुढे 6,000 ते 8,000, तर त्याआधी 8,000 ते 10,000 अशी आली. आईसमोर मी दहा हजारांचा विषयही काढत नाही.

घरात फक्त तरुण मंडळी असतील तर बँड सोयीचा, हे मान्य. पण काठी, वॉकर किंवा कठडा धरून चालणारं कुणी असेल, तर माझं मत कमरेच्या पिझो यंत्राकडे झुकतं. घेताना क्लिपला सुरक्षा दोरी आहे का बघा, नाहीतर ते कपड्यांबरोबर धुलाईला जातं. ते गुडघ्याच्या सरळ रेषेत कमरेला लावा, मोजून वीस पावलं चाला आणि आकडा बघा. एखाद्या पावलाचा फरक चालेल. जास्त असेल तर यंत्र थोडं बाजूला सरकवून पुन्हा चाला. ही चाचणी मात्र ज्याच्या कमरेला ते राहणार आहे, त्यालाच करू द्या.